लिव्ह-इन: फ्लॅटमधून नाही, पोटगीच्या केसमधून आलेला अर्थ

लिव्ह-इन म्हटलं की डोळ्यासमोर येतात पुण्या-मुंबईतली आयटीवाली दोघं, भाड्याचा वन बीएचके आणि दर रविवारी फोनवर "लग्नाचं काय ठरलं" विचारणारी आई. पण या शब्दाला आपल्या कोर्टात जो काही अर्थ मिळालाय तो या जोडप्यांमुळे मिळालेला नाही, तो मिळालाय फसवलेल्या आणि सोडून दिलेल्या बायकांच्या पोटगीच्या भांडणातून.

इंग्रजीत हा शब्द आधी मालकाच्या घरीच मुक्काम असलेल्या नोकरांसाठी वापरायचे, जोडप्यांना तो नंतर चिकटला. आपल्याकडे आला तो थेट जोडप्यांचाच अर्थ घेऊन, आणि पटकन रुळला याचं कारण मला तरी सरळ दिसतं. मराठीत होतं काय, तर ठेवलेली, रखेल, अंगवस्त्र. सगळे शब्द बाईसाठी, ठेवणारा बाप्या मात्र बिनानावाचा. लिव्ह-इन म्हटलं की निदान दोघं एका वाक्यात येतात.

आता मागे जाऊ. मुंबई प्रांतात 1946 साली हिंदूंना पहिली बायको असताना दुसरं लग्न करायला बंदी आली, मग 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं ती देशभर लागू केली. चांगलंच झालं, पण पुरुष थांबले का? दुसरा संसार चालूच राहिला, फक्त त्यातल्या बाईचा बायको म्हणून असलेला हक्क गेला. गुजरातमध्ये तर 'मैत्री करार' नावाचा प्रकार निघाला, लग्न झालेला माणूस दुसऱ्या बाईबरोबर चक्क स्टॅम्प पेपरवर करार करून राहायचा. महाराष्ट्रातली यमुनाबाई आढाव यांची केस बघा, 1974 मध्ये रीतसर लग्न लागलं पण नवऱ्याची पहिली बायको हयात होती, म्हणून 1988 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या पोटगीच्या कलम 125 मधली 'पत्नी' म्हणजे कायदेशीर पत्नीच, पोटगी नाही.

मध्येच एक गैरसमज. "भारतात लिव्ह-इन 1978 पासून कायदेशीर आहे" असं खूप ठिकाणी लिहिलेलं सापडतं आणि पुरावा म्हणून बद्री प्रसाद केस देतात. त्या केसमधलं जोडपं सुमारे 50 वर्षं नवरा-बायको म्हणून राहिलं होतं आणि कोर्टानं धरून चाललं की त्यांचं लग्न झालेलं आहे. म्हणजे निकाल लग्न गृहीत धरण्याचा होता, लग्नाशिवाय राहण्याचा नाहीच! हे गृहीतक ब्रिटिश काळापासून, प्रिव्ही कौन्सिल या तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील कोर्टापासून चालत आलंय.

लग्नाशिवाय राहणं हा गुन्हा नाही हे स्पष्ट व्हायला पुढची वर्षं लागली. 2001 मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं आग्र्याच्या नारी निकेतन या महिला आश्रयगृहातल्या एका तरुणीच्या केसमध्ये म्हटलं की समाजाला हे अनैतिक वाटेल पण बेकायदेशीर नाही. मग 2010 मध्ये अभिनेत्री खुशबूवरच्या तक्रारी सुप्रीम कोर्टानं रद्द केल्या. ती फक्त लग्नाआधीच्या संबंधांबद्दल बोलली होती, तरी तिच्यावर 23 तक्रारी ठोकल्या होत्या लोकांनी.

खरी कलाटणी मात्र 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची. त्यात 'लिव्ह-इन' शब्दच नाही, 'विवाहसदृश संबंध' असं आहे, म्हणजे अशा नात्यातल्या बाईलाही संरक्षण, आणि मग कुठलं नातं विवाहसदृश यावर कीस पडला. सुप्रीम कोर्टाच्या 2010 च्या वेलुसामी निकालात अटी आल्या: चारचौघांत नवरा-बायकोसारखं वावरलेलं पाहिजे, वय बसलं पाहिजे, दोघं लग्नाला मोकळे पाहिजेत, बराच काळ स्वखुशीनं एकत्र राहिलेले पाहिजेत. निकालात बाईसाठी 'कीप', म्हणजे ठेवलेली, हा शब्द आला आणि ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला, बरोबरच केलं. पण "लग्नाला मोकळे" या अटीनं ज्या बायकांना सगळ्यात जास्त गरज होती त्याच बाहेर राहिल्या. 2013 च्या इंद्रा सरमा केसमध्ये कोर्ट म्हणालं लिव्ह-इन गुन्हा नाही, पापही नाही, तरी त्या बाईला काही मिळालं नाही, कारण जोडीदार विवाहित आहे हे तिला माहीत होतं. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये, बादशाह विरुद्ध उर्मिला गोडसे, पहिलं लग्न लपवून फसवलेल्या बाईला मात्र पोटगी मिळाली.

आपल्या राज्य सरकारनंही 2008 मध्ये प्रयत्न केला होता, फौजदारी न्यायव्यवस्थेत सुधारणा सुचवणाऱ्या मलिमथ समितीच्या 2003 च्या शिफारशीवरून. बराच काळ पत्नीसारखी राहिलेल्या बाईला पोटगी, एवढाच प्रस्ताव. पण बोभाटा झाला तो "महाराष्ट्रात लिव्ह-इनला मान्यता" असा, संस्कृती बुडाली वगैरे सगळं झालं आणि त्याचा कायदा काही झाला नाही.

आता उत्तराखंडच्या समान नागरी कायद्यात, जो 27 जानेवारी 2025 पासून लागू झाला, 'लिव्ह-इन' हा शब्द सरळ कायद्यातच आलाय. एकत्र राहायला लागल्यापासून महिन्याभरात त्या नात्याची नोंदणी नाही केली तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड. मला तरी हे घरात डोकावणं वाटतं. त्याच कायद्यात जोडीदारानं सोडून दिलेल्या बाईला पोटगी मागता येईल असंही कलम आहे, पण वाद झाला तो सगळा नोंदणीवर.