खर्रा

खर्रा : सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि ओला चुना एकत्र घोटून केलेले चघळण्याचे मिश्रण. ग्रामीण विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत, त्याचा प्रसार मोठा आहे. पश्चिम महाराष्ट्रातील मावा ही त्याचीच जवळची जात. पानठेल्यावर पन्नीत (प्लॅस्टिकच्या तुकड्यात) जिन्नस टाकून ती आवळतात आणि चुना सुपारीत मुरेपर्यंत घोटतात. प्रत्येक ठेल्याचे प्रमाण वेगळे असते व पुडीवर घटकांची नोंद नसते, त्यामुळे कारखान्यातील गुटख्याचे प्रयोगशाळेतील आकडे खर्र्याला जसेच्या तसे लावू नयेत.

मिश्रणाचे खरे रसायन चुन्यात आहे. निकोटीन अल्कधर्मी असून द्रावणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) ७ असताना त्यातील जेमतेम ९ टक्के मुक्त रूपात असते. सामू ८ ला ते निम्मे आणि ९ ला सुमारे ९० टक्के होते. हे मुक्त निकोटीन गालाच्या आतील अस्तरातून झटपट रक्तात उतरते. म्हणून तंबाखूतील एकूण निकोटीन मोजून भागत नाही, सामूही नोंदवावा लागतो. हळदीने रंगवलेल्या कागदावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकला की तो लाल होतो. एवढा प्रयोग गावातल्या कोणत्याही शाळेत होऊ शकतो, आणि तो व्हायला हवा.

सुपारीतील मुख्य अल्कलॉइड अॅरेकोलीन. चुन्याच्या सान्निध्यात त्याचे जलविच्छेदन होऊन अॅरेकेडीन बनते. नमुना उशिरा तपासल्यास अॅरेकोलीन फसवे कमी दिसते. त्यामुळे दोन्ही संयुगे एकत्र मोजणे श्रेयस्कर. त्यासाठी द्रव वर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमिती यांची जोडपद्धत वापरतात. तंबाखूतील नायट्रोसअमाइने ही कर्ककारक संयुगेही याच पद्धतीने शोधतात. सुपारीतील तांबे अणु-शोषण वर्णपटमितीने मोजता येते. या तांब्यामुळे कोलॅजेन या प्रथिनाचे धागे घट्ट बांधणाऱ्या लायसिल ऑक्सिडेज या विकराची (एन्झाइमची) क्रिया वाढते आणि सुपारी खाणाऱ्याचे तोंड आखडते, असे स्पष्टीकरण १९९० च्या दशकात पुढे आले. ते ग्राह्य वाटते. मात्र अॅरेकोलीनचा या विकारातील वाटा त्याने कमी होत नाही.

तोंड हळूहळू आखडत जाणारा विकार, म्हणजे मुखाची अधःश्लेष्मल तंतुमयता, प्रथम कोणी वर्णिला याबद्दल मतभेद आहेत. अनेक लेखक सुश्रुतसंहितेतील ‘विदारी’ या रोगाकडे बोट दाखवतात. परंतु तेथील वर्णन घशातील दाह, लाल सूज आणि कुजून झडणाऱ्या मांसाचे आहे. पांढुरक्या, ताठर होत जाणाऱ्या गालांशी ते फारसे जुळत नाही. आधुनिक वाङ्मयात श्वार्ट्झ यांनी १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांत हा विकार नोंदवला, पण कारण अज्ञात मानले. जोशी यांचा भारतातील निबंध साधारण त्याच सुमाराचा, बहुधा १९५३ चा. ‘तंतुमयता’ ही संज्ञा रूढ होण्याचे श्रेय त्या निबंधालाच देणे योग्य. पिंडबोर्ग व सिरसाट यांची व्याख्या १९६६ ची.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये तंबाखूसह विडा कर्ककारक ठरवला, पण तंबाखूविना विड्याबाबतचा पुरावा तेव्हा अपुरा मानला. २००४ च्या प्रबंधात मात्र सुपारीच स्वतंत्रपणे कर्ककारक ठरली. शाळकरी मुलांच्या आरोग्यशिक्षणात ही गोष्ट मागे पडते. फलकावर तंबाखू असते, सुपारी नसते. मग ‘नुसती सुपारी खातो’ म्हणणारा मुलगा स्वतःला सुरक्षित समजतो.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम (२०१४) १० ते १९ वयोगटासाठी असून त्यात समवयस्क शिक्षकांवर भर आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ ही स्वयंसेवी संस्था, राज्य शासन व टाटा ट्रस्ट यांचा मुक्तिपथ हा दारू-तंबाखूविरोधी उपक्रम २०१६ पासून चालू आहे. २०१२ ची राज्यातील गुटखाबंदी आणि शाळेपासून १०० यार्डांत तंबाखूविक्रीस मनाई करणारा २००३ चा कायदा सर्वज्ञात आहेत.

मुलांनी ‘सोडला’ म्हटले तरी अभ्यासात ते पडताळावे लागते. त्यासाठी लाळेतील वा मूत्रातील कोटिनीन, म्हणजे शरीरात निकोटीनपासून बनणारे संयुग, मोजतात. त्याचा अर्धकाल (प्रमाण निम्मे होण्याचा काळ) १६ ते २० तासांच्या आसपास असल्याने गेल्या दोन-तीन दिवसांतलेच सेवन कळते. नुसत्या सुपारीचे सेवन कोटिनीनने कळत नाही. तेथे तोंडाचीच तपासणी करावी लागते. स्वतःची तीन बोटे एकमेकांना चिकटवून वरच्या व खालच्या दातांमध्ये उभी घालावीत. ती मावत नसतील तर दंतवैद्याकडे जावे.