डीव्हीडीच्या मेन्यूमागचं यंत्र

डीव्हीडी ऑथरिंग, म्हणजे चित्रण आणि मेन्यू जोडून चकती रचणं, शिकणाऱ्याला चित्रणाची काटछाट लवकर जमते. अडतं ते नेव्हिगेशनपाशी. कुठल्या बटणावरून कुठे जायचं, भाग संपला की पुढे काय, मध्येच कुणी रिमोटवरचं मेन्यूचं बटण दाबलं तर परत कसं यायचं? इथले नियम चमत्कारिक वाटतात, पण त्यांना इतिहास आहे.

चकतीवर हव्या त्या ठिकाणी थेट उडी मारायची सोय १९७८मध्ये अमेरिकेत विक्रीला आलेल्या लेझरडिस्कने घरात आणली. तिच्या एका प्रकारात एका बाजूवर ५४,००० चित्रं मावत आणि प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक असे. शाळा आणि उद्योगांसाठीच्या काही प्लेअरमध्ये तर छोटासा प्रोग्रॅम चकतीच्याच दुसऱ्या ध्वनिमार्गावरून उचलला जाई. पुढे १९९३मध्ये व्हीसीडी आली आणि तिच्या दुसऱ्या आवृत्तीत पडद्यावर यादी पाहून रिमोटवरचा आकडा दाबायची पद्धत रुळली. आपल्याकडे व्हीसीडी बराच काळ टिकली. २००७च्या सुमारास मोझर बेअर या चकत्या बनवणाऱ्या कंपनीने स्वस्त चित्रपट विकायला काढले, तेव्हाही २८ रुपयांची व्हीसीडी ३४ रुपयांच्या डीव्हीडीशेजारी मांडलेली असे.

डीव्हीडी-व्हिडिओचे नियम १९९६मध्ये ठरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जपानमध्ये पहिले प्लेअर विक्रीला आले. मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा निर्णय तेव्हाचाच: प्रत्येक प्लेअरमध्ये एक इवलासा संगणक गृहीत धरला गेला. त्याच्याकडे चकती रचणाऱ्याला वापरायला १६ रजिस्टर, म्हणजे आकडा साठवायचे छोटे कप्पे, आणि प्लेअरची स्थिती सांगणारी २४. कार्यक्रमाच्या प्रत्येक साखळीला, म्हणजे पीजीसीला, सुरू होण्याआधीच्या, संपल्यानंतरच्या आणि मधल्या तुकड्यांच्या मिळून जास्तीत जास्त १२८ कमांड. प्लेअर स्वस्त राहावा म्हणून हा हिशेब इतका काटकसरीचा.

उड्यांवरची बंधनंही याच काटकसरीतली. एका टायटल-संचातल्या, म्हणजे चकतीवरच्या चित्रणांच्या एका गटातल्या, चित्रपटातून दुसऱ्या संचातल्या चित्रपटात थेट जाता येत नाही. आधी रजिस्टरमध्ये एक आकडा ठेवायचा, चकतीच्या मुख्य मेन्यू-विभागात जायचं आणि तिथल्या कमांडने तो आकडा वाचून पुढे पाठवायचं. मेन्यूतलं कोणतं बटण उजळलेलं आहे, हेही एका रजिस्टरमध्येच असतं, तेसुद्धा १०२४च्या पटीत: पहिलं बटण १०२४, दुसरं २०४८. कारण बटणाचा क्रमांक त्या रजिस्टरच्या १६ बिटांतल्या वरच्या सहा बिटांत ठेवला आहे. हे कळेपर्यंत ‘मेन्यूवर परतल्यावर पुढचंच बटण उजळलेलं दिसावं’ ही साधी गोष्ट जमत नाही.

बटणांचं उजळणंही मेन्यूच्या चित्रात नसतं. ते सबटायटलच्याच जातीच्या चार रंगांच्या थरातून येतं. एका मेन्यूवर फार तर ३६ बटणं बसतात, रुंद पडद्याच्या मेन्यूवर त्याहून कमी, आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे दाबल्यावर कुठे जायचं ते प्रत्येक बटणाला सांगावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण रिमोट हातात घेतलेल्या वयस्कर माणसाची सोय तिथेच साधते किंवा बिघडते.

शिकणं अवघड होण्याचं मोठं कारण मात्र तांत्रिक नव्हतं. नियमांचं पुस्तक पैसे भरून आणि गुप्ततेचा करार करूनच मिळे. सीनारिस्टसारखी ऑथरिंगची साधनं थेट कमांड लिहू देत, पण ती मोठ्या स्टुडिओंच्या खिशाला परवडणारी. २००१मध्ये ॲपलने आयडीव्हीडी आणि डीव्हीडी स्टुडिओ प्रो आणलं आणि वाट रुंदावली. पहिल्याने हे यंत्र पूर्ण झाकलं. दुसऱ्याने अर्धं उघडं ठेवलं: १६ रजिस्टरांपैकी आठ स्वतःच्या कामासाठी राखून उरलेली आठ वापरणाऱ्याला दिली. बाहेरच्या जिज्ञासूंनी तयार चकत्या उलगडून कमांडांचा अर्थ लावला. त्याच वातावरणात डीव्हीडीऑथर हे मुक्त साधन उभं राहिलं. त्यात सगळी रचना एका एक्सएमएल फाइलमध्ये, म्हणजे खुणा घातलेल्या साध्या मजकुरात, लिहायची असते. माझ्या मते शिकायला तेच उत्तम, कारण आधीची आणि नंतरची कमांड तिथे स्वतःच्या हाताने लिहावी लागते.

डीव्हीडी स्टुडिओ प्रोची विक्री २०११मध्ये थांबली, अडोबी एन्कोर हे तसंच साधन २०१२च्या सीएस६ या आवृत्तीनंतर पुढे सरकलं नाही. डीव्हीडीऑथर आणि त्याच्यावर बेतलेलं डीव्हीडीस्टायलर मात्र आजही विनामूल्य मिळतात.