फोर्टिफाइड वाईन आणि गोडाची संगत

आंबलेल्या द्राक्षरसात द्राक्षाचीच कडक स्पिरिट मिसळून तयार केलेली वाईन म्हणजे फोर्टिफाइड वाईन. साध्या वाईनमध्ये मद्यार्क साधारण १२ ते १४ टक्के असतो, पोर्टमध्ये १९ ते २२ टक्के. पोर्तुगालची पोर्ट आणि मदेरा, स्पेनची शेरी, सिसिलीची मार्साला व दक्षिण फ्रान्सची बान्युल्स या त्यातल्या नामांकित. आठ-दहा जणांनी एका टेबलाभोवती बसून अशा चार-पाच वाईन निरनिराळ्या गोड पदार्थांबरोबर चाखायच्या, ही या वाईनची ओळख करून घेण्याची सर्वांत चांगली रीत आहे.

जोडी जमवण्याचा पाया एकच: वाईन पदार्थाहून गोड हवी, निदान त्याच्याइतकी तरी. जिलेबी खाऊन लगेच चहा प्यायला की साखर घातलेला चहाही फिका लागतो. वाईनचेही तसेच होते. जिभेला आधीच भरपूर साखर मिळालेली असली की वाईनमधला आंबटपणा आणि तुरटपणा तेवढा उघडा पडतो. म्हणून केक-मिठाईबरोबर कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, वाईन देणे हा त्या वाईनवर अन्याय आहे.

ही गोडी येते कुठून, ते समजले की निवड सोपी होते. पोर्ट बनवताना उत्तर पोर्तुगालातल्या दोरू नदीच्या खोऱ्यात रस निम्मा आंबतो न आंबतो तोच त्यात ७७ टक्के मद्यार्काची स्पिरिट ओततात. यीस्ट तिथेच थांबते आणि उरलेली द्राक्षसाखर वाईनमध्ये राहते. शेरीत स्पिरिट पडते ती रस पूर्ण आंबल्यावर, त्यामुळे फिनोसारखी शेरी कोरडीच असते आणि गोडापेक्षा खारे बदाम, ऑलिव्ह यांच्याबरोबर शोभते. याला मोठा अपवाद पेद्रो शिमेनेसचा. ही द्राक्षे उन्हात वाळवून मग पिळतात. वाईन काकवीसारखी काळी आणि दाट उतरते, आणि लिटरमागे ४०० ग्रॅमपर्यंत, कधी त्याहूनही जास्त साखर असते. स्पेनमध्ये ती व्हॅनिला आइस्क्रीमवर ओतून खातात. पहिल्यांदा खाणाऱ्याला मनुका, अंजीर आणि कॉफी एकदम आठवतात.

मदेराची कथा समुद्रावरची आहे. भारताकडे जाणाऱ्या जहाजांवर तिची पिंपे उष्ण कटिबंधातून जाऊन परत येत, आणि त्या उन्हाने वाईन बिघडण्याऐवजी सुधारते असे लक्षात आले. आज तोच परिणाम साधण्यासाठी ती टाकीत ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने तापवतात. उंची मदेरा मात्र माळ्यावरच्या पिंपांत वर्षानुवर्षे मुरते. सर्सियाल, व्हर्देल्यो, बुआल, माल्म्झी असा तिचा कोरड्याकडून गोडाकडे जाणारा क्रम. गोड मदेरातही आंबटपणा टिकून असतो, म्हणून तुपाळ पदार्थावर ती तोंड स्वच्छ करते. या सगळ्यांत माझी पहिली पसंती तिलाच.

बैठकीत क्रम हलक्याकडून जड असा ठेवावा: मस्कत (त्याच नावाच्या सुवासिक द्राक्षाची गोड वाईन), मग टॉनी पोर्ट, बुआल मदेरा, रुबी पोर्ट आणि शेवटी पेद्रो शिमेनेस. पिंपात जुनी झालेली टॉनी अक्रोड आणि जळक्या साखरेच्या वासाची, ती कॅरमल, बदाम यांच्याबरोबर द्यावी. रुबी, म्हणजे कमी मुरलेली लालभडक पोर्ट, किंवा बान्युल्स काळ्या चॉकलेटबरोबर. प्रत्येकाला ३० मिलिलिटर पुरे. पाच वाईनचे दीडशे मिलिलिटर होतात, म्हणजे साध्या वाईनच्या दीड-दोन पेल्यांइतका मद्यार्क, तेव्हा गाडी चालवणाऱ्याने थुंकीपात्र वापरावे. आधी एक घोट नुसता, मग पदार्थाचा लहान घास, मग पुन्हा घोट. फरक त्या दुसऱ्या घोटात कळतो. मध्ये साधे पाणी. टॉनी किंचित गार बरी लागते. उरलेली बाटली वाया जात नाही: उघडलेली मदेरा महिनोन्‌महिने टिकते, टॉनी काही आठवडे, जुनी व्हिंटेज (एकाच निवडक वर्षाच्या द्राक्षांची) पोर्ट मात्र एक-दोन दिवसांत संपवावी, आणि ओतण्यापूर्वी गाळ खाली बसू द्यावा.

गोव्यात 'पोर्ट वाईन' म्हणून विकली जाणारी गोड लाल वाईन घरोघर माहीत आहे. ती दोरूची नव्हे. खऱ्या टॉनीची किंवा बुआलची जोडी बिबिंकाशी लावून पाहावी. नारळाचे दूध, अंड्याचा बलक, साखर, तूप आणि जायफळ यांचा एक थर भाजून झाला की त्यावर दुसरा ओततात. थरांच्या कडा तांबूस होतात, आणि त्या तांबूसपणाचाच वास टॉनीला असतो. गुळाच्या पुरणपोळीवर तूप सोडून टॉनीबरोबर खाल्ली तर वेलची अधिक खुलते. श्रीखंड मात्र पोर्टशी जुळत नाही. चक्क्याच्या आंबटपणाला मस्कत बरी.