होम थिएटर : हॉलमधील मांडणी आणि सुधारणा

होम थिएटर : मोठा पडदा, बसणाऱ्याभोवती मांडलेले स्पीकर आणि त्यांना आवाज वाटून देणारा एव्ही रिसीव्हर यांची घरगुती व्यवस्था. ५.१ मधील ५ म्हणजे डावा, मधला, उजवा आणि दोन सराउंड स्पीकर. १ म्हणजे खर्जासाठीचा सबवूफर. ५.१.२ मधील शेवटचा आकडा छतावरच्या किंवा छताकडे तोंड केलेल्या स्पीकरांचा. तो डॉल्बी अ‍ॅटमॉसबरोबर आला. डोक्यावरूनही आवाज आणणारे हे तंत्र २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आणि २०१४ मध्ये घरगुती रिसीव्हरांत दाखल झाले. खोक्यावरच्या पीएमपीओ (क्षणिक, फुगवलेल्या) वॉटना काडीची किंमत देऊ नये, आरएमएस (सतत देता येणाऱ्या शक्तीचा) आकडा पाहावा.

मांडणी बसण्याच्या जागेपासून सुरू होते. डावा-उजवा स्पीकर मध्यरेषेपासून सुमारे ३० अंशांवर, ट्वीटर (वरचे स्वर देणारा स्पीकरमधला छोटा भाग) कानाच्या उंचीला. संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधूनच येतात, म्हणून तो टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत न ढकलता काठाशी आणून किंचित वर कलता ठेवावा; संवाद पुटपुटल्यासारखे वाटण्याचे निम्मे कारण तो कप्पाच असतो. सराउंड ११०–१२० अंशांवर, कानाच्या थोडे वर. फ्लॅटच्या हॉलमध्ये मात्र सोफा भिंतीला टेकलेला, एकीकडे गॅलरीचे सरकते दार, दुसरीकडे पॅसेज. सोफा फूट-दीड फूट पुढे घेता आला तर खर्जाचे घुमणे कमी होते. सराउंडना धड जागाच नसेल, तर ओढूनताणून बसवलेल्या ७.१ पेक्षा नीट लावलेला ३.१ केव्हाही चांगला. टाइल्स आणि काच यांमुळे उठणारा प्रतिध्वनी जाड पडदे आणि स्पीकर व सोफ्यामधली सतरंजी बऱ्याच अंशी शोषून घेतात.

सबवूफर कोपऱ्यात ठेवला की दणका वाढतो, पण ठरावीक स्वरच घुमतात. समोरासमोरच्या भिंतींत ३ मीटर अंतर असेल तर सुमारे ५७ हर्ट्‌झला स्थिर लहर उभी राहते, म्हणजे तो स्वर काही जागी घुमतो आणि काही जागी विरतो. जागा शोधण्याची रीत गमतीशीर दिसते, पण खात्रीची आहे : सबवूफर सोफ्यावर बसण्याच्या जागी ठेवून खर्जाचे वेगवेगळे स्वर असलेले संगीत लावावे आणि भिंतीकडेने रांगत फिरावे, जिथे सगळे स्वर सारखे ऐकू येतील तिथे तो ठेवावा. क्रॉसओव्हर (ज्याखालचे स्वर सबवूफरकडे वळतात तो आकडा) ८० हर्ट्‌झपासून सुरू करावा.

८ ओहम स्पीकरला १० मीटरपर्यंत १.५ चौरस मिमी तांब्याची वायर पुरते, त्यापुढे २.५. एकाच स्पीकरचे प्लस-मायनस उलटे झाले तर काही जळत नाही, पण खर्ज विरतो आणि आवाज नेमका कुठून येतो ते कळेनासे होते. शेवटी रिसीव्हरच्या मायक्रोफोनने अंतर व पातळी मोजून घ्यावी. पंखा बंद ठेवावा, मायक्रोफोन कानाच्या उंचीला. नंतर मोजलेली अंतरे व रिसीव्हरने नोंदवलेले स्पीकरचे आकार (लहान की मोठा) स्वतः तपासावेत.

सर्वाधिक तक्रार ‘फक्त पुढचेच स्पीकर वाजतात’ ही. बहुतेकदा टीव्हीचा ऑडिओ आउटपुट पीसीएमवर, म्हणजे दोनच चॅनेलांच्या आवाजावर, राहिलेला असतो. तो बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू करावा, म्हणजे मूळ आवाज जसाच्या तसा रिसीव्हरकडे जातो. टीव्हीचा आवाज अजिबातच येत नसेल, तर केबल टीव्हीच्या एआरसी (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत पाठवणारी सोय) लिहिलेल्या एचडीएमआय सॉकेटऐवजी दुसऱ्यात आहे का ते पाहावे. ऑप्टिकल केबलमधून डॉल्बी डिजिटल ५.१ जातो, डॉल्बीचा दर्जा न घटवणारा ट्रूएचडी जात नाही. तो टीव्हीमार्फत आणायला ईएआरसी (एआरसीची सुधारित आवृत्ती) लागते. सतत ५० हर्ट्‌झची गुणगुण येत असेल तर सेट-टॉप बॉक्सची केबल काढून पाहावी. गुणगुण थांबली तर दोष ग्राउंड लूपचा, म्हणजे उपकरणांच्या अर्थिंगमधून केबलद्वारे फिरणाऱ्या प्रवाहाचा. सगळी उपकरणे एकाच बोर्डावर घ्यावीत, अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये. बंद कपाटात रिसीव्हर तापून मध्येच बंद पडतो. त्याच्या वर किमान १० सेंमी जागा मोकळी हवी.

सुधारणा करताना आधी जागा, मग पुढचे तीन स्पीकर, मग सबवूफर आणि रिसीव्हर शेवटी. जुन्या रिसीव्हरला एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारी सांकेतिक व्यवस्था) नसेल तर संरक्षित ४के चित्र त्यातून जात नाही. अशा वेळी प्लेअर थेट टीव्हीला जोडून आवाज एआरसीने आणला की नवीन रिसीव्हर लांबणीवर टाकता येतो. घराचे काम निघालेच तर भिंतीत ४० मिमीचा पाइप, सौम्य वळणे देऊन आणि आत ओढतार (पुढे केबल ओढून घेण्यासाठीची तार) ठेवून, टाकून घ्यावा. वीजकामाच्या नेहमीच्या पाइपातून एचडीएमआयचे डोके सहज जात नाही. तांब्याची केबल ४केसाठी साधारण ५ मीटरपर्यंत भरवशाची, पुढे ऑप्टिकल एचडीएमआय. तिची टोके ठरलेली असतात, उलटी ओढली तर चित्रच येत नाही. म्हणून ओढण्याआधी जमिनीवर जोडून पाहावी.