कडुनिंब आणि कढीलिंब : इंदूरच्या अंगणात कोणाला काय लागते

पावसाळ्याच्या तोंडावर इंदूरच्या कोणत्याही नर्सरीत काळ्या पिशव्यांतील दोन रोपे शेजारी शेजारी मांडलेली दिसतात आणि माळी एकाला ‘नीम’, तर दुसऱ्याला ‘मीठा नीम’ म्हणतो. पहिला आपला कडुनिंब, ज्याची कोवळी पाने गुढीपाडव्याला गुढीवर बांधली जातात. दुसरा कढीलिंब, ज्याच्यावाचून मराठी घरातली फोडणी अपुरी वाटते. वीतभर उंचीच्या रोपांत दोघांचीही पाने एका दांड्याच्या दोन्ही बाजूंना छोट्या पर्णिका असलेली असल्याने घोटाळा सहज होतो, आणि मग दोन्ही रोपे सारख्याच खड्ड्यात, सारख्याच पाण्यावर वाढवली जातात. प्रत्यक्षात त्यांचे कूळही एक नाही. कडुनिंब महोगनीच्या कुळातला आहे, तर कढीलिंब लिंबू-संत्र्याच्या.

ओळखण्यासाठी पर्णिकेची कड पाहावी. कडुनिंबाची पर्णिका कोयत्यासारखी किंचित वाकलेली, करवती दातांची आणि बुडाशी एका बाजूला तिरकी असते. कढीलिंबाची पर्णिका आकाराने लहान असून तिची कड जवळजवळ सरळ दिसते. शंका उरलीच तर पान चुरगाळावे. कढीलिंबाचा वास नाकाला फसवत नाही. या दोघांच्या जोडीला बकाण निंब, म्हणजे हिंदीतला बकायन, हा तिसरा गडीही कधी कधी कडुनिंब म्हणून खपवला जातो. त्याच्या पानाचा दांडा पुन्हा पुन्हा विभागलेला असतो आणि त्याची पिवळी गोल फळे विषारी असतात, त्यामुळे लहान मुले खेळतात त्या अंगणात तो नकळत लागू नये.

खरा फरक जमिनीत सुरू होतो. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, पाणी धरून ठेवते, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कडुनिंबाला ही माती आवडते असे नाही, पण तो तिच्याशी जुळवून घेतो, कारण त्याचे मूळ खोल जाते आणि वर्षाला ४०० ते १२०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशांत तो स्वतःच्या बळावर उभा राहतो. इंदूरचा पाऊस या मर्यादेत बसतो. कडुनिंबाला सहन होत नाही ते साचलेले पाणी, म्हणून सखल कोपरा टाळून दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा, त्यात मुरूम आणि शेणखत मिसळावे आणि रोपाभोवतीची माती थोडी उंच ठेवावी. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी दिले की पुढे त्याची फारशी चिंता करावी लागत नाही. रोज तांब्याभर पाणी घालण्याने त्याची मुळे वरच्या थरातच रेंगाळतात आणि ते झाडाच्या हिताचे नसते.

कढीलिंबाला हीच माती अधिक अडचणीची ठरते. काळ्या मातीत चुन्याचे प्रमाण बरेचदा जास्त असते, आणि अशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. त्यामुळे शेंड्याची नवी पाने पिवळी पडतात, पण त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहतात. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडत असतील, तर कारण वेगळे असते, बहुधा नत्राची उणीव. हा भेद न पाहता सरसकट ताक ओतण्याची पद्धत घरोघरी आहे; ताकाने नुकसान होत नाही, परंतु चुनखडीच्या मातीला त्याचा आंबटपणा फार काळ पुरत नाही, म्हणून त्यावर फार विसंबू नये असे माझे मत आहे. त्यापेक्षा काळी माती, वाळू आणि कुजलेले शेणखत यांचे सच्छिद्र मिश्रण मोठ्या कुंडीत किंवा उंच वाफ्यात वापरावे आणि लोहाची उणीव खरोखरच दिसली, तर चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातले लोह, द्यावे. कुंडीच्या तळाला छिद्रे मोकळी असणे हे खतापेक्षा महत्त्वाचे आहे.

थंडीतही दोघांचे वागणे निराळे असते. इंदूरला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास उतरते, आणि साधारण १६ अंशांखाली कढीलिंबाची वाढ जवळजवळ थांबते. पाने गळतात, काड्या उघड्या पडतात. झाड मेले असे समजून लोक पाणी वाढवतात आणि थंड, ओल्या मातीत मुळे कुजतात. या दोन महिन्यांत मातीचा वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे आणि खत मुळीच देऊ नये. मोठा कडुनिंब ही थंडी सहज काढतो. त्याची पाने फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात, पण ती नव्या पालवीची तयारी असते आणि त्यामुळेच पाडव्याला कोवळी पाने हाताशी येतात.

सर्वांत जास्त चूक छाटणीत होते, कारण दोन्ही झाडांकडून आपल्याला हवे असते ते परस्परविरुद्ध आहे. कडुनिंबाकडून सावली हवी, म्हणजे एक सरळ खोड आणि वर पसरलेला डेरा. म्हणून त्याचा शेंडा कधी तोडू नये, पहिल्या काही वर्षांत फक्त खालच्या फांद्या हळूहळू काढाव्यात आणि दरवर्षी दातणासाठी किंवा शेळ्यांसाठी त्याला बोडका करणे थांबवावे. कढीलिंबाकडून कोवळे पान हवे, म्हणजे उंची नको, फांद्या हव्यात. रोप कमरेएवढे झाले की त्याचा शेंडा खुडावा, पाने एकेक ओरबाडण्याऐवजी फांदीचा टोकाचा भाग तोडावा आणि फुलांचे तुरे दिसताच काढून टाकावेत, कारण फळ धरले की पानाची वाढ मंदावते. सतत तोडणीमुळे त्याला खतही सतत लागते. व्यापारी लागवडीत एका झाडाला वर्षाला सुमारे २० किलो शेणखत दिले जाते, आणि घरच्या कुंडीला त्याच्या मानाने थोडे, पण नियमित द्यावे. कडुनिंबाला मोठेपणी असे काही द्यावे लागत नाही. त्याचा पालापाचोळा तिथेच कुजू दिला तरी पुरते.

बियांपासून रोप करायचे असल्यास दोघांचीही गत सारखीच आहे: बी ताजे असतानाच गर धुऊन पेरावे, कारण काही आठवड्यांतच त्याची उगवणशक्ती झपाट्याने कमी होते. कढीलिंबाच्या जुन्या झाडाच्या मुळांतून फुटवे येतात, ते मुळांसकट वेगळे करणे अधिक सोपे.

कढीलिंबाच्या पानांवर येणारी हिरवी अळी बहुतेक वेळा लिंबाच्या फुलपाखराची असते, आणि इथे कुळाचे महत्त्व कळते; अंगणात लिंबाचे झाड असेल, तर ही कीड दोन्हीकडे फिरते. कडुनिंबावर ती येत नाही, उलट त्याच्याच निंबोळ्या तिच्यावर उपाय ठरतात. निंबोळीच्या बीतील मगजाची ५० ग्रॅम भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून संध्याकाळी फवारावी आणि त्यानंतर काही दिवस पाने तोडू नयेत. तोडली की धुऊनच वापरावीत.

जागा निवडताना दोघांना एकत्र ठेवण्याचा मोह टाळावा. कडुनिंब घराच्या पश्चिमेला, भिंतीपासून, नळापासून आणि जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीपासून निदान पाच-सहा मीटर दूर, विजेच्या तारा नसलेल्या मोकळ्या जागेत लावावा, म्हणजे मे महिन्यातील दुपारचे ऊन अडेल. कढीलिंब पूर्वेला, स्वयंपाकघराच्या दाराजवळ, जिथे सकाळचे ऊन मिळेल आणि कडुनिंबाची सावली पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवावा. सावलीत तो लांबुडका होतो आणि पानांचा वासही उतरतो.