वारा पडला म्हणजे समुद्र शांत? अजिबात नाही

संभाजीनगर, लातूर, नांदेडहून सर्फिंग शिकायला कोकणात किंवा गोव्याला जाणाऱ्या पोरांमध्ये एक समज पक्का बसलाय: वारा पडला की लाटाही पडतात. पैठणच्या नाथसागरात हे बरंचसं खरं आहे, कारण तिथली लाट तिथल्याच वाऱ्याची. समुद्राचं तसं नाही. हजारो किलोमीटर दूर, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने उठवलेली लाट काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळते, इथे झाडाचं पान हलत नसतानाही. केरळच्या किनारी वस्त्यांत असं पाणी वाऱ्याविना घुसलेलं आहे.

म्हणून अंदाजात नुसती उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंद बघा. खोल समुद्रात ६ सेकंदांची लाट सुमारे ५६ मीटर लांब, १४ सेकंदांची ३०० मीटरहून जास्त. उंची सारखीच असली तरी दुसरीत दुपटीहून जास्त जोर.

नवशिक्याला कमरेखालची लाट आणि सकाळचा मंद वारा बरा. जमिनीकडून जोराचा वारा सुटला की मात्र काठाजवळचं पाणी गुळगुळीत दिसतं आणि बोर्ड आत आत जातो. मला सगळ्यात धोक्याचं हेच वाटतं. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उंच लाटांचे इशारे देते. इशारा असेल त्या दिवशी पाण्यात उतरूच नका.