किट की संच? डबा घेण्याआधी झाकण उघडून बघा

संभाजीनगरच्या गुलमंडीत किंवा लातूरच्या गंजगोलाईत खेळण्यांच्या दुकानात जाऊन "पोराचं डोकं चालेल असं काहीतरी द्या" म्हटलं, की दुकानदार दोन डबे पुढ्यात टाकतो. दोन्हींवर क्रेनचं चित्र, किंमत आसपास, 'स्टेम'चा (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) शिक्काही दोन्हींवर. पण त्यातलं एक असतं प्रकल्पाचं किट आणि दुसरा जोडणीचा संच. यात गल्लत झाली की पोरगं आठवड्यात कंटाळतं आणि "याला कशाचा नादच नाही" हा ठपकाही त्याच्याच माथी बसतो.

किटात प्रत्येक तुकड्याची जागा आधीच ठरलेली. कापलेल्या एमडीएफच्या (दाबून केलेल्या लाकडी फळीच्या) पट्ट्या, सिरिंज, नळी, डिंक. त्यातून क्रेन होते, आणि क्रेनच होते. यात वाईट काही नाही, एखादं तत्त्व हाताला कळायला किट उत्तम. छोटी सिरिंज दाबली की पाण्यातून तोच दाब मोठीपर्यंत पोचतो. मोठ्या दट्ट्याचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून तो जोर जास्त लावतो, पण सरकतो कमी. हा पास्कलचा नियम. मात्र काही किटांत दोन्ही सिरिंज एकाच मापाच्या निघतात. क्रेन हलते, पण जोर वाढलेला दिसतच नाही. अशा वेळी मेडिकलमधून बिनसुईची एक 5 आणि एक 10 मिलीची आणावी. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर क्रेन लुळी पडते, कारण हवा दबते आणि पाणी जवळपास दबत नाही. मला तर किटातला हा बिघाडच सगळ्यात कामाचा वाटतो.

संचाचं गणित वेगळं. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने 1901 साली पेटंट घेतलेल्या आणि पुढे मेकॅनो म्हणून गाजलेल्या संचात पट्ट्यांची भोकं अर्ध्या इंचावर असतात. अंतर सारखं, म्हणून कुठलीही पट्टी कुठेही बसते. लेगोच्या, वर आठ गोल उंचवटे असलेल्या एकाच रंगाच्या सहा विटा 91,51,03,765 प्रकारे जोडता येतात.

महाग वाटतो? टाकाऊतून विज्ञान-खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांचा मेकॅनो केला. काड्यांचं गूल आधी काढून टाका, नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच तिरपा होतो. मग मोंढ्यातल्या शेडचं छत पेलणारी लोखंडी कैची त्रिकोणांची का असते, हे सांगत बसावं लागत नाही. ज्वारीच्या धाटांच्या बैलगाड्या केलेल्यांना तर हे नवं नाहीच: आतलं भेंड म्हणजे ठोकळा, वरची चिवट साल म्हणजे खिळा. बैल मोडून त्याचंच नांगर करता येतं.

दुकानात झाकण उघडून बघायला मिळालं तर एकाच मापाचे तुकडे किती आहेत ते पाहा. बरेच असतील तर संच. प्रत्येक तुकडा वेगळा, त्यावर नंबर आणि सोबत डिंक असेल तर किट. 'शंभर मॉडेल एकात' असं छापलेलं असलं तरी हिशोब तुकड्यांचाच करा. आयएसआयची खूण मात्र दोन्हींवर हवी, 1 जानेवारी 2021 पासून ती सक्तीची आहे. घरात तीन वर्षांखालचं लेकरू असेल तर बारीक नट आणि बटण-सेल त्याच्या हाती लागू देऊ नका. असा सेल गिळला तर अन्ननलिका आतून भाजते, थांबून वाट न बघता लगेच दवाखाना गाठावा लागतो.

माझा कौल पहिल्या खरेदीला संचाला. लातूर पॅटर्नच्या मुलखात खेळण्याकडूनही मार्कांची अपेक्षा असते, म्हणून किट जास्त खपतं. दहा-बारा वर्षांच्या, शाळेत दाब-बल शिकणाऱ्या पोरीला ते जरूर द्या. सहा वर्षांच्याला द्याल तर डिंक लावत तुम्हीच बसाल.